पंचविशीचं रक्त

७ जानेवारी २०१६, गुरुवार

आज सुई माझ्या हातात नव्हती, हातात घुसली!

लॅबमध्ये नवीन मशीन आलं. हिमांशू सर सकाळपासून त्याच्याभोवती नवरदेवाच्या बापासारखे फिरत होते. कंपनीचा माणूस म्हणाला, चालू करायच्या आधी इथल्याच वीस निरोगी माणसांचं रक्त लावून बघा. नॉर्मल आकडा कुठून कुठपर्यंत, ते ताडून घ्यावं लागतं. सर म्हणाले, "वीस काय, अर्ध्या तासात उभे करतो." समोरच्या जिममधली पोरं बोलावली, वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली बोलावली, कमी पडले ते आम्ही लॅबवाले. सगळ्यात म्हातारा कोण — तर जिमचा ट्रेनर. वय सत्तावीस!

मनस्विनीनं स्वतःचं रक्त दिलं. अकरावा नंबर. मी रांगेतली माझी जागा सोडून तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. बारावा. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. रॅकमध्ये अकरा आणि बारा एकमेकांना चिकटून. हे बघितलं आणि मी भरून पावलो.

माझं रक्त तिनंच काढलं. "मूठ आवळ, अजिनाथ." मी रोज सकाळी घरोघरी फिरून वीस-पंचवीस लोकांचं रक्त काढतो, मला मूठ आवळायला सांगायची गरज आहे का! पण आवळली. म्हणाली, "हात किती गार आहे रे तुझा." बाकी जग मला अज्या म्हणतं. ती एकटी पूर्ण नाव घेते.

बी.एस्सी.ला एका वर्गात होतो. दुसऱ्या वर्षाला मी प्रॅक्टिकलच्या सरांच्या अंगावर धावून गेलो आणि कॉलेज सोडलं. ती शिकली. आता ती मशीन चालवते, मी मोटारसायकलवरून नळ्या आणतो. हे कामसुद्धा तिनंच सांगितलं होतं. कीव आली म्हणून सांगितलं असेल. असू दे.

८ जानेवारी

झोपच झोप. प्रेमात झोप उडते म्हणतात. माझी उलट वाढलीय. नऊ तास झोपून उठलो तर अंग असं, जसं काही पोती वाहून आलो.

१९ जानेवारी, मंगळवार

तात्या आले. बापाचे वडील, भिकन तात्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. खुलताबादच्या वरच्या अंगाला मेंढरं चारण्यात सगळा जन्म गेला. यंदा चारा नाही, पाणी नाही. साठातली बरीचशी मेंढरं दिवाळीआधीच गेली बाजारात. उरली अकरा. ती धाकट्या भावाकडं, कडुबाआजाकडं सोडून आलेत. "चार म्हैने काढतो हितं. मिरगाला जातो माघारी." बाप म्हणाला, बघू. तात्या म्हणाले, "बघू नाय. जातो."

आमचं घर गुंठेवारीतलं, दोन खोल्या. नळ नाही. टँकर चौथ्या दिवशी. बाप जिथं वॉचमन आहे ती बिल्डिंग गल्लीच्या तोंडाशीच उभी राहतेय, आठ मजली, तिच्या बोअरचा आवाज दिवसभर.

तात्या पहिल्याच दिवशी चहा पिऊन बाहेर पडले ते दुपारी उगवले. आईचा जीव वर-खाली. विचारलं कुठं गेलते? म्हणाले, "शहर कुठं संपतं ते बघाय गेलतो. संपत नाय गड्या! जिथं माणसं संपली तिथं नुस्ते दगड लावल्यात — प्लॉट, प्लॉट, प्लॉट."

बारा-तेरा किलोमीटर तरी चालले असतील. पायाला काही नाही. मी मोटारसायकलवर असतो तरी संध्याकाळी जिना चढताना थांबतो.

२७ जानेवारी, बुधवार

हे मुद्दाम नीट लिहून ठेवतोय.

सरांनी नवीन पॅकेज काढलंय. पिवळं पत्रक छापलंय — "पन्नाशीतही पंचविशीचं रक्त!" आणि खाली एक म्हातारा पळतोय, त्याच्या पायात बूट. मशीनच्या पुस्तकात नॉर्मल रेंज छापलेली होती, ती सरांनी काढली आणि आमच्या वीस जणांवरून नवीन बसवली. आता प्रत्येक रिपोर्टवर तीच. आकडा रेंजच्या बाहेर गेला की पुढं लाल स्टार येतो. सर म्हणाले, "निरोगी म्हणजे कोण? तरुण! मग सगळ्यांनी तिथंच यायला पाहिजे. वय झालं म्हणून चालतंय, असं म्हणणं हा आळस आहे."

मला पटलं. खोटं कशाला लिहू, लई पटलं. गावाकडं कुणाला काही झालं की 'वय झालं' म्हणून सोडून देतात. आजी तशीच गेली. वय झालं, वय झालं म्हणत.

स्टाफच्या घरच्यांना टेस्ट फुकट. मीच तात्यांचं रक्त काढलं. शीर दोरीसारखी, एका टोच्यात. सगळं बरोबर आलं. फक्त थायरॉइड ६.९. रेंज ०.७ ते ३.४. समोर लाल स्टार.

रेंज बघून आधी छाती फुगली माझी. तो आकडा आमचाच की! त्यात ती आहे, मी आहे.

तात्यांना वाचता येत नाही, पण लाल ठिपका दिसला. "ह्ये काय रं?"

म्हटलं, हे चांगलं नाही. ही खूण आहे.

तात्या म्हणाले, "आमच्यात जी मेंढी बाजारला न्यायची तिच्या पाठीवर आदल्या दिशी लाल खूण करत्यात. कळपात वळखू यावी म्हून. तिला नसतं म्हाईत. बाकीच्यांना बी नसतं." कागद बराच वेळ हातात धरून बसले.

मी म्हणालो, तात्या, ही खूण मी घालवतो. शब्द दिला.

३ फेब्रुवारी, बुधवार

कॉलनीतल्या डॉक्टरांकडं नेलं. ते विचारत होते — थकवा? नाही. थंडी वाजते? नाही. भूक? "दोन भाकरी." झोप? "मेंढरं राखणारा कितीसा झोपतो साहेब." डॉक्टर म्हणाले, मग तीन महिन्यांनी परत बघू, गोळीची घाई नको.

माझं डोकं सटकलं. टेबलावर रिपोर्ट आपटला. म्हणालो, "दुप्पट आहे आकडा! दिसत नाही का? गरीब माणूस आहे म्हणून बघू-बघू? बंगल्यातला असता तर म्हणला असता का?" बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. डॉक्टरांचं तोंड उतरलं. पन्नासची गोळी लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी.

जिंकून आलो असं वाटलं. आल्यावर दोन तास झोपलो.

१४ फेब्रुवारी

रविवार. ती कामावर येत नाही. एवढंच.

२ मार्च, बुधवार

मनस्विनीला तात्यांची गोष्ट सांगितली — खुणेची, मेंढीची. हसली नाही. म्हणाली, "तुझे आजोबा शहाणे आहेत." मग मशीनकडं बघत म्हणाली, "स्टार फार यायला लागलेत, अजिनाथ. पूर्वी दिवसाला पाच-सहा यायचे. आता साठीच्या पुढचा एक रिपोर्ट कोरा जात नाही." मी म्हणालो, म्हणजे पूर्वी चुकत होतं ते आता सापडतंय. ती म्हणाली, "असेल." तिचं 'असेल' मला कधीच कळत नाही. हो की नाही?

लॅबमधला एसी मला सोसत नाही. मार्चमध्ये स्वेटर घालून बसतो. जिमची पोरं हसतात, "क्या भाई, शिमला जा रहे क्या?" एकाची कॉलर धरली. सरांनी सोडवलं.

९ मार्च, बुधवार

तात्यांचा परत आकडा — ४.३. खाली आला पण स्टार तसाच!

तात्यांनी घरात शिरल्या शिरल्या विचारलं, "गेली का रं खूण?" म्हटलं, नाही अजून. मान हलवली. पोर नापास होतं तशी.

परत डॉक्टर. ते म्हणाले, "झालंय की पुरेसं, इथंच थांबू." मी म्हणालो, थांबायचं कशाला? रेंज ३.४ ला संपते, इथं ४.३ लिहिलंय, साधं गणित आहे. ते म्हणाले, तुमच्या लॅबची रेंज जरा चमत्कारिक दिसते. माझ्या लॅबबद्दल बोलल्यावर मी ऐकून घेणार का! म्हणालो, त्या रेंजमध्ये माझं स्वतःचं रक्त आहे.

हात जोडून गोळी वाढवली त्यांनी. आधी पंचाहत्तर, पंधरा दिवसांनी शंभर.

येताना तात्या मागं बसले होते. रेल्वे गेटपाशी म्हणाले, "त्या माणसावर कामून वरडतो रं? त्याचं बी त्वांड लेकरासारखं झालतं." मी कुणावर ओरडतो ते मलाच कळत नाही. ओरडून झालं की असा गळून जातो.

१७ मार्च

संध्याकाळी ओट्यावर तात्यांनी माझी हनुवटी वर केली. "गळा दाखव." मेंढीचा बघतात तसं दोन बोटांनी चाचपलं. "भरलाय रं तुझा गळा. तोंड बी सुजल्यावानी दिसतं. आवाज बघ — घोगरा." म्हटलं, तात्या, मी मेंढी नाही. म्हणाले, "त्येच तर. मेंढी असता तर औषिद करून मोकळा झालो असतो."

आई हसली. म्हणाली, "सुजलाय कशाचा, खाऊन खाऊन जाड झालाय." खरंय. शर्टाचं वरचं बटण लागत नाही. खात तर काही नाही.

तात्यांना काय सांगू? हे दुखणं गळ्यात नाही, अकरा नंबरच्या नळीत आहे.

२ एप्रिल

टँकर आज सहाव्या दिवशी आला. अर्धाच. भांडणं. मी दोघांना ढकललं, एकानं मला ढकललं. पाच हंडे मिळाले.

२० एप्रिल, बुधवार

०.८! स्टार नाही!!

रिपोर्ट मशीनमधून निघाला तेव्हा मनस्विनीनं मला हाक मारली. कोरा, स्वच्छ कागद. सरांनी खांद्यावर थाप मारली. "बघ! अठ्ठ्याहत्तरचा माणूस आणि रक्त पंचविशीचं." तात्यांचा फोटो पत्रकावर छापू म्हणाले. मी पाव किलो पेढे घेतले. पहिला तिला दिला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून ठेवला. तो अर्धा नंतर तिनं खाल्ला की नाही, हे मी संध्याकाळपर्यंत बघत होतो. येडा झालोय.

तात्यांना कागद दाखवला. त्यांनी उलटा-सुलटा करून बघितला. "गेली?" गेली! हसले. पेढा धरायला हात पुढं केला तर हात थरथरत होता. आई म्हणाली, आनंदानं.

२ मे, सोमवार

तात्यांचं धोतर कमरेला राहत नाही, दोरी बांधतात. काटा केला — चार महिन्यांत नऊ किलो कमी. झोप अजिबात नाही. पहाटे बघावं तर बसलेले. "उरात कोकरू उड्या मारतंय," म्हणतात. घाम. दोन भाकरीच्या तीन झाल्या तरी बारीक.

डॉक्टरांकडं चला म्हटलं. "नगं. खूण परत लागंल."

सरांना विचारलं. म्हणाले, "आकडे उत्तम आहेत. उन्हाळा आहे. त्रेचाळीसला कुणालाही धडधडतं." आकडे उत्तम आहेत, हे तर मीही बघतोय. तात्या मात्र उत्तम दिसत नाहीत.

आमच्या घरात एक घामानं निथळतोय आणि एकाला त्रेचाळीसमध्ये घाम नाही. वाटून घेता आलं असतं तर!

११ मे, बुधवार

तात्या पडले.

टँकर आला होता. मी कामावर. आई हंडा घेऊन पुढं, तात्या मागं कळशी घेऊन. कुणी ढकललं नाही, काही नाही. आई सांगते — उभे होते, छातीला हात लावला आणि खाली बसतात तसे पडले. कळशी आधी वाजली. खुबा मोडला.

आई ओरडली तर लोकांनी नळी तशीच चालू ठेवली म्हणे. पाणी वाया जाईल म्हणून.

रिक्षातून घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं. मी आलो तेव्हा स्ट्रेचरवर होते. मला बघून म्हणाले, "कळशी चेमटली रं."

१२ मे, गुरुवार

घाटीतल्या मोठ्या डॉक्टरबाई आल्या. सगळे केस पांढरे, पायात स्पोर्ट शूज. नाडी धरली, बराच वेळ धरून राहिल्या. म्हणाल्या, नाडी वेडीवाकडी पळतेय. कोणत्या गोळ्या चालू आहेत? मी डबा दिला.

"शंभरची? ही कशासाठी?"

रिपोर्ट दिले, तारखेनं लावलेले. ऐटीत दिले. अजूनही वाटत होतं शाबासकी मिळेल. त्यांनी पहिला काढला, ६.९ वाला. दोनदा वाचला.

"त्रास काय होता यांना?"

काही नाही.

"मग गोळी कुणाला दिली? यांना की कागदाला?"

मी दुसरा रिपोर्ट पुढं केला.

आवाज चढवला नाही त्यांनी. दमलेल्या होत्या, चाळीस पेशंट बाहेर. म्हणाल्या, "बाळा, वय वाढतं तसा हा आकडा थोडा वर जातोच. केस पांढरे होतात तसा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सात म्हणजे काही नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. जबरदस्तीनं खाली ओढला की काळीज पळत सुटतं, हाडं पोकळ होतात, माणूस वाळतो. तुझ्या वयाच्या पोराला सात असता तर मी विचार केला असता." मग रेंजवर बोट ठेवलं. "आणि ही ३.४ कुठून आली?"

आमच्यातून, मॅडम. वीस पोरं होती. जिमची.

त्यांनी चष्मा काढला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गोळी बंद केली. आज परत तपासलं तर ०.१. आधी नाडी ताळ्यावर आणायची, मग ऑपरेशन. तात्या परत चालतील का, विचारलं. म्हणाल्या, "बघू."

गोळी मी वाढवायला लावली. दोनदा. टेबल आपटून.

१५ मे

तात्यांना सांगितलं सगळं. माझ्यामुळं, म्हणून सांगितलं. ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग त्या वीस जणांत माझ्या वयाचं कोण व्हतं?"

कुणीच नाही.

"म्हातारी मेंढी कोकरांत मोजली व्हय तुमी?" आणि हसायला लागले. खुब्यात कळ गेली तसे थांबले. "आरं, दात बघायचे आधी. दात बघूनच वय कळतं, आन् वय कळलं मंग बाकीचं."

वॉर्डाबाहेर जाऊन रडलो. जिन्यावर. एका मावशीनं पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, सगळं पिऊ नको.

१८ मे

ऑपरेशन झालं. आत रॉड घातला. कडुबाआजा गावाहून आले, तात्यांच्या कानात अकरा मेंढरांची एकेक खबर सांगत बसले. दोन गेली. तात्यांनी डोळे मिटून नावं विचारली.

२१ मे, शनिवार

आज सरांना मारायला गेलो होतो. खरंच. घरून ठरवून.

पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा उचलून केबिनमध्ये फेकला. पंखा चालू होता, सगळी खोली पिवळी. म्हणालो, माझा म्हातारा मोडला तुमच्या पंचविशीनं! तुम्ही काय, मशीन घेतलं आणि देव झाला?

सर उठले नाहीत. ओरडलेही नाहीत. कपाटातून एक फाईल काढून पुढं सरकवली. त्यांचीच. दोन वर्षांचे त्यांचे स्वतःचे रिपोर्ट, दर महिन्याचे. एकावरही स्टार नाही. सोबत ते रोज घेतात त्या चार-पाच प्रकारच्या गोळ्यांची पाकिटं, तात्यांचीसुद्धा त्यात. "मी काय लोकांना सांगतो आणि स्वतः घेत नाही, असं वाटलं का तुला?" सर बावन्न वर्षांचे. केस काळे केलेले. वडील अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेले म्हणे, खुर्चीत बसल्या बसल्या. "सगळे म्हणाले, वय झालं होतं. अठ्ठेचाळीस!"

फाईल परत घेताना त्यांचा हात थरथरला. तस्साच. पेढा घेताना तात्यांचा थरथरला होता तसा.

माझा हात खाली आला. मी म्हणालो, सर, तुम्हाला झोप लागते का? ते पत्रकं गोळा करायला खाली बसले. मग मीपण बसलो. दोघं जमिनीवर, कागद गोळा करत.

मनस्विनी दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

२९ मे, रविवार

तात्या घरी. वॉकर धरून मोरीपर्यंत चार पावलं. मग थांबतात. मिरगाला नऊ दिवस राहिले. तो विषय आम्ही काढत नाही, तेही काढत नाहीत.

दुपारी मनस्विनी आली! गुंठेवारीत, आमच्या घरात, आमच्या पत्र्याखाली. आईनं पाण्याचा तांब्या दिला तर ती अर्धाच प्याली. हिला कळतं. तात्यांशी बोलली. तात्या म्हणाले, "तू त्या वीस जणांत हाय का गं?" हो म्हणाली. "कितवी?" अकरावी. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी छताकडं बघायला लागलो.

बाहेर ओट्यावर आली तेव्हा म्हणाली, सरांनी परवा पुस्तकातली रेंज परत बसवली. स्वतःच्या गोळ्याही दाखवायला गेले घाटीतल्या बाईंना. साठीच्या पुढच्यांना पाठवलेले सगळे रिपोर्ट आम्ही काढतोय, एकेकाला फोन करायचाय — गोळी चालू असेल तर डॉक्टरांना परत विचारा म्हणून. दोनशेवर आहेत. "तू दारं माहीत असलेला माणूस आहेस. परत ये."

त्या शनिवारनंतर मी लॅबला गेलोच नव्हतो. येतो म्हणालो. ती म्हणाली म्हणून नाही. बरं, ती म्हणाली म्हणूनही.

निघताना थांबली. "आणखी एक आहे, अजिनाथ. ती रेंज वीस जणांची नव्हतीच. एकोणीस जणांची होती. एका नळीचा आकडा फार वेडा आला होता, सगळी रेंज बिघडत होती. सर म्हणाले सॅम्पल खराब झालं असेल, काढून टाक. मी काढला. नावं नव्हती ना, नुसते नंबर. कोण होतं ते विचारलंच नाही. उद्या वही बघून शोधते. तो जो कोण आहे त्याला सांगायला पाहिजे."

म्हटलं, जिमचा कुणीतरी असेल. पावडर खातात ते.

"असेल," म्हणाली.

३ जून, शुक्रवार

बारा नंबर होता.

जानेवारीत थायरॉइड ४१. काल तिनं परत रक्त घेतलं, परत लावलं — ४६. रेंज कोणतीही घ्या, पुस्तकातली, जिममधली, स्टार पक्का. घाटीतल्या बाईंनी माझा गळा दोन बोटांनी चाचपला, तात्यांनी मार्चमध्ये ओट्यावर चाचपला होता तसाच. थकवा कधीपासून? कॉलेज सुटायच्या आधीपासून. गारठा, झोप, सूज, आवाज, चिडचिड — सगळं त्या विचारत गेल्या आणि मी हो हो म्हणत गेलो. माझ्या रोजनिशीचीच पानं कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं.

तात्या म्हणाले, "खूण तुला व्हती व्हय! मी आपला उगाच घेऊन बसलो."

त्यांच्या डब्यात उरलेल्या गोळ्या आहेत. बाईंनी त्याच चालतील म्हणून लिहून दिलं. उद्या सकाळपासून, उपाशीपोटी, मी. गळ्यातली ग्रंथी सुस्तावलीय, गोळीनं दोन-तीन महिन्यांत माणसात येशील म्हणाल्या. जडपणा जाईल, उदासी जाईल.

आणि मी इतके दिवस मनस्विनीच्या नावावर जे जे लिहीत आलो, त्यातलं किती जाईल — ते विचारायचं धाडस झालं नाही.